सेवा एकट्याने रेटू नका

नवी मुंबईतल्या दिघ्याहून एका तरुण सुवार्तिकाचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकाचे, पत्र आले आहे. त्यांची ओळख पटेल असा तपशील गाळून मजकूर थोडक्यात देते. सहा वर्षांपूर्वी कंपनीतली कायमची नोकरी सोडून ते पूर्णवेळ सेवेत उतरले. एमआयडीसीत आणि दगडखाणींवर राबणाऱ्या कुटुंबांच्या वस्तीत त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. तिथे ते रोज संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतात, गुरुवारी प्रार्थनासभा आणि रविवारी उपासना चालवतात, कोणी आजारी पडले की त्याच्याबरोबर दवाखान्यात रांगेला उभे राहतात. सुरुवातीला रविवारी वीस-बावीस माणसे येत असत. त्यांतली काही गावी परतली, काही मोठ्या मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, गेली, काहींची रविवारची सुट्टी बंद झाली. आता चार-पाच जण येतात, आणि गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी तर चटई अंथरून, ढोलकी काढून ते वाट पाहत राहिले तेव्हा तीन जिने चढून एक आजी नातवाला घेऊन आल्या, दुसरे कोणीच आले नाही. त्या महिन्याच्या अहवालात मात्र त्यांनी मदत पाठवणाऱ्या मंडळीला पंचवीस हा आकडा कळवला. घर पत्नीच्या पगारावर चालते, ती ऐरोलीच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. शेजारचे विचारतात, ‘एका माणसामागे तुम्हाला किती मिळतात?’ मेव्हण्याने महाप्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपरची नोकरी आणली आहे. ‘दोन महिने झाले, प्रार्थनेला बसलो की शब्द फुटत नाही,’ असे ते लिहितात. ‘देवाने मला खरेच बोलावले होते, की मीच तशी समजूत करून घेतली? नोकरी धरली तर नांगराला हात घालून मागे पाहणारा ठरेन का? खोलीचा करार मार्चपर्यंत आहे, ती सोडू का?’

प्रिय बंधू,

सलाम.

तुमच्या पत्रात भाडे आहे, नोकरी आहे, ओस पडलेली चटई आहे, परंतु मला सर्वांत गंभीर वाटली ती गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: हे सारे तुम्ही आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला वाटते, पावसाळ्यामुळे तुम्हाला थकवा आला आहे. मदत पाठवणाऱ्या मंडळीला वाटते, काम वाढीला लागले आहे. ज्या पाळकांनी तुमच्या मस्तकावर हात ठेवून तुम्हाला या सेवेवर पाठवले, त्यांनी फोन केला की तुम्ही ‘प्रभूची कृपा आहे’ म्हणता आणि विषय बदलता. देवाने तुम्हाला बोलावले होते की नाही, हे इथे ठाण्यात बसून मी सांगू शकत नाही आणि सांगणेही योग्य नाही. परंतु पाळकाच्या घरात हयात काढलेली बाई म्हणून एवढे नक्की सांगते की, ज्या माणसाने आपल्या सगळ्या माणसांपासून आपली खरी अवस्था लपवली आहे, त्याची प्रार्थना अडली तर त्यावरून त्याचा विश्वास संपला असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. दिवसभर सर्वांसमोर ‘सर्व ठीक आहे’ म्हणणाऱ्याला पहाटे देवासमोर एकदम खरे बोलणे जड जाते.

तुमच्या दिघा गाव स्थानकापासून लोकलने पुढचेच स्थानक ठाणे. या ठाण्यात १३२१ सालच्या एप्रिलमध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती, असे चार ख्रिस्ती संन्यासी मारले गेले. ते निघाले होते केरळातल्या कोल्लमला, पण वाऱ्याने जहाज इकडे आणून सोडले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डन नावाचा डॉमिनिकन संन्यासी त्या वेळी ठाण्याबाहेर होता म्हणून वाचला. त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि मग या किनाऱ्यावर तो अगदी एकटा उरला. त्याची दोन पत्रे आजही उपलब्ध आहेत. पहिले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुजरातेतल्या घोघ्याहून इराणातल्या संन्यासी बंधूंना लिहिलेले, आणि दुसरे त्यानंतर ठाण्याहून लिहिलेले. किती लोकांना बाप्तिस्मा दिला ते त्याने कळवले, सोबती कसे गेले ते कळवले, आपले एकटेपण आणि आपली दुखणीही कळवली, आणि आणखी बंधू इकडे पाठवा अशी विनवणी केली. पुढे १३२९ साली पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले, म्हणून आपण त्याला खंबीर माणूस म्हणतो. मला त्याचा खंबीरपणा त्या विनवणीत दिसतो. मी एकटा पुरेसा नाही, हे त्याने लेखी कळवले.

आता इंग्रज मिशनरी केरीसाहेबांविषयी, कारण तुम्ही पत्रात त्यांचे उदाहरण स्वतःला टोचण्यासाठी घेतले आहे: ‘विल्यम केरी सात वर्षे फळ न दिसताही टिकले, आणि मी सहा वर्षांतच मोडलो.’ ही गोष्ट आपल्याकडे व्यासपीठावरून नेहमी अर्धीच सांगितली जाते. केरी १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये बंगालात उतरले आणि कृष्ण पाल या पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा हुगळी नदीत १८०० च्या डिसेंबरअखेरीस झाला, हे खरे आहे. पण त्या सात वर्षांतली बरीच वर्षे त्यांनी मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक म्हणून पगारी नोकरी केली, हे सांगायचे राहून जाते. त्यांचा लहानगा मुलगा पीटर १७९४ साली तिथेच वारला आणि पत्नी डोरोथी यांचे मन त्यानंतर जे ढासळले ते १८०७ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत सावरले नाही, हेही राहून जाते. डोरोथी मुळात हिंदुस्थानात यायला राजी नव्हत्या. केरींच्या चिकाटीचा गौरव करताना या बाईचे नाव गाळणे मला कधीच पटले नाही. त्या चिकाटीची किंमत घरातल्या आणखी एका माणसाने मोजली, आणि ती मोजायची की नाही हे तिच्या हाती नव्हते.

आणि फळ केव्हा दिसू लागले तेही पाहा. वॉर्ड आणि मार्शमन हे सोबती १७९९ साली आले, १८०० च्या आरंभी केरी त्यांच्याबरोबर श्रीरामपूरला राहायला गेले, आणि त्यानंतर वर्षाच्या आतच कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला. कृष्ण पाल व्यवसायाने सुतार होते. त्यांचा खांदा निखळला होता, तो बसवायला केरींचे जुने सहकारी डॉक्टर टॉमस गेले आणि तिथून ओळख वाढली. म्हणजे केरींनी एकट्याने सात वर्षे दात-ओठ खाऊन तग धरला आणि मग फळ मिळाले, अशी ही हकिगत नाही. एकाने खांदा बसवला, दुसरे छापखाना पाहत होते, तिसरे शाळा चालवत होते, आणि अशा चार माणसांच्या घरात एक सुतार येऊ-जाऊ लागला. तुमची बरोबरी करायचीच असेल तर त्या घराशी करा, आणि मग विचारा की दिघ्याच्या त्या खोलीत तुमचा वॉर्ड कोण आणि मार्शमन कोण.

म्हणून पहिले काम अहवालाचे. पंचवीस हा आकडा ज्या मंडळीला कळवला तिला या आठवड्यातच पत्र लिहा. लांबण लावू नका आणि स्वतःला शिव्याही घालू नका. साध्या शब्दांत लिहा की, जुलैच्या अहवालातला आकडा खरा नव्हता, त्या रविवारी एक आजी व त्यांचा नातू उपस्थित होते, सध्या सरासरी चार-पाच जण येतात, अभ्यासाला इतकी मुले बसतात, आणि खोटा आकडा मी मदत थांबेल या भीतीने लिहिला. सोबत मागच्या वर्षाचा जमाखर्च जोडा, भाड्याच्या पावत्यांसह. यामुळे मदत थांबू शकते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. परंतु मंडळीतली माणसे दशमांश देतात ते घरकाम करून, रिक्षा चालवून, निवृत्तिवेतनातून. त्यांच्या पैशाचा हिशोब खरा मिळणे हा त्यांचा हक्क आहे. शिवाय मला असे वाटते की तुम्ही प्रार्थनेला बसता तेव्हा तो आकडाच तुमच्यापुढे येऊन बसतो. प्रभूला चार माणसांविषयी बोलायचे, तर पंचवीसचे काय, हा प्रश्न आडवा येणारच.

दुसरे काम घरातले, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड आहे. पत्नीला सारे सांगा, पण ती रात्रपाळी करून आल्यावर दारातच नाही. तिच्या सुट्टीच्या दिवशी, मुलगी झोपल्यावर, समोरासमोर बसून सांगा. तिला उपदेश ऐकवू नका, निर्णयही ऐकवू नका, कारण निर्णय अजून झालेला नाही आणि तो दोघांनी करायचा आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या. त्यांना ते नंतर कळले, आणि त्यापुढची काही वर्षे त्या दोघांनी ताटातुटीत काढली. पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती समाजाला या दोघांचे नाव आदराने घेता येते हे आपले भाग्यच, पण ती मधली वर्षे त्या बाईने कशी काढली असतील याचा विचार प्रत्येक सुवार्तिकाने एकदा तरी करावा. तुमच्या पत्नीच्या पगारातून खोलीचे भाडे जाते. या सेवेत ती तुमच्या बरोबरीची भागीदार आहे, आणि सेवेची खरी स्थिती मात्र तिलाही ठाऊक नाही.

त्यानंतर तुमच्या पाळकसाहेबांना भेटा, फोनवर नको. त्यांच्याकडे एकच मागणी करा: गुरुवारच्या सभेसाठी एक माणूस द्या. प्रभूने सत्तर जणांना पाठवले ते दोघादोघांना, हे तुम्ही स्वतः किती तरी वेळा शिकवले असेल. ठाण्याच्या मंडळ्यांतून बँकेतून, शाळेतून, रेल्वेतून निवृत्त झालेली धडधाकट माणसे आहेत, ज्यांना कोणी काही सोपवत नाही म्हणून ती रविवारी येऊन घरी जातात. त्यांच्यापैकी एकाला दर गुरुवारी लोकलने एक स्थानक यायला काय अडचण आहे? तो उपदेश करणारा नसला तरी चालेल. सभा संपल्यावर चटई गुंडाळायला आणि परतीच्या वाटेवर ‘आज तुमचा चेहरा उतरलेला दिसला’ असे म्हणायला तो हवा आहे.

प्रार्थनेविषयी तुम्ही मोकळेपणाने लिहिले, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. तुम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी उपवास करता, पहाटे चारला उठता, रात्री साडेअकरापर्यंत घरभेटी करता, आणि झोप येत नाही म्हणून मोठ्या मोठ्या सभांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहत पडता. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवदूताने त्याला आधी काय दिले ते आठवा: भाकर आणि पाणी. त्याने खाल्ले, तो पुन्हा झोपला, दूताने त्याला पुन्हा उठवून खायला लावले, आणि मगच होरेब डोंगराची वाट सुरू झाली. होरेबावर ‘मी एकटाच उरलो आहे’ असे तो दोनदा म्हणाला, तेव्हा देवाने त्याला एकनिष्ठ राहिलेल्या सात हजारांची खबर दिली आणि अलीशाला सोबतीला दिले. तेव्हा पुढचे दोन महिने उपवास बंद ठेवा. घरभेटी रात्री नऊला थांबवा. मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून झोपा. त्या चित्रफितींतली गर्दी खरी असो वा नसो, ती तुमच्या वस्तीतली नाही.

पहाटेची वेळ पाण्याची आहे, असे तुम्ही लिहिले आहे. साडेपाचला नळ येतो, सहाला जातो. मग प्रार्थना पाणी भरून झाल्यावर करा. स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र उघडून ते मोठ्याने वाचा, प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. दहा मिनिटे पुरेत. स्वतःचे शब्द फुटत नसतील तर ते फोडण्यासाठी धडपडू नका, उसने शब्द घ्या, मंडळीने शतकानुशतके तेच केले आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून पाहा. त्याचा शेवट अंधारातच होतो, त्यात दिलासा देणारी ओळ कोणी मागाहून घातली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. त्या स्तोत्रकर्त्याला उत्तर मिळालेले दिसत नाही, पण तो बोलतो आहे ते देवाशीच.

एवढे करूनही पंधरा दिवसांत झोप परतली नाही, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि ही लक्षणे जशीच्या तशी सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर फोन करून मराठीत बोलता येते. सुवार्तिकाने मनाच्या दुखण्यासाठी औषध घेणे हा अविश्वास आहे, असे म्हणणारी माणसे आपल्यात आहेत. मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडत आले आहे, आणि त्यांचे ऐकून तुम्ही घरी बसून राहावे असे मला वाटत नाही.

नोकरीचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका कठीण नाही. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत होता, आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात बोलत होता. केरींचे निळीचे काम वर सांगितलेच. नांगराला हात घालून मागे पाहू नये हे प्रभू येशूचे वचन माणसाच्या मनाचा ओढा कुठे आहे त्याविषयीचे आहे, त्याच्या हजेरीपटाविषयीचे नाही. स्टोअरकीपरची नोकरी घ्यावी असे माझे मत आहे. फक्त मेव्हण्याकडून दोन गोष्टी आधी पक्क्या करून घ्या: पाळी फिरती नसावी, आणि साडेसहापर्यंत तुम्ही दिघ्याला परत पोहोचला पाहिजेत, कारण मुलांचा अभ्यास सातला सुरू होतो आणि तो बंद पडता कामा नये. घरभेटी कमी होतील, त्या होऊ द्या. पगार सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यापासून भाड्याचा निम्मा भार पत्नीवरून उतरवा.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाने तुम्ही दुखावलात, ते समजते. पण हा प्रश्न त्यांनी तोंडावर विचारला, मागे कुजबुजत बसले नाहीत, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट आहे. त्यांना खरे उत्तर द्या: एका माणसामागे काहीही मिळत नाही, भाडे बायकोच्या पगारातून जाते, आणि आता मी नोकरीलाही लागतो आहे. अभ्यासाला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईबापांना घरी जाऊन सांगा की मी ख्रिस्ती सेवक आहे, अभ्यासाच्या वेळात फक्त अभ्यास होतो, आणि रविवारची उपासना वेगळी आहे, तिला मुलाने यावे अशी अट नाही. गणिताच्या आडून बायबल शिकवले तर ते गणिताशी आणि बायबलाशी, दोहोंशी अप्रामाणिकपणाचे होईल. हे स्पष्ट सांगितल्यावर दोन मुले कमी झाली तर होऊ देत, राहिलेल्यांचे आईबाप तुमच्याशी निर्धास्तपणे बोलतील.

आणि त्या आजी. तुमच्या चार पानी पत्रात त्यांच्या वाट्याला दोन ओळी आल्या आहेत, पण त्या दोन ओळींत बरेच काही आहे. त्यांचे आयुष्य खाणीवर खडी फोडण्यात गेले, गुडघे धरले आहेत, तीन जिने चढताना त्या प्रत्येक मजल्यावर बसतात, आणि भर पावसात नातवाच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून त्या वेळेवर आल्या. तुम्ही उपदेश अर्ध्यावर आटोपलात, कारण दोघांसाठी कशाला, असे तुम्हाला वाटले. जाताना त्यांनी विचारले की पुढच्या रविवारी सगळे गीत म्हणाल ना, आज दोनच कडवी झाली. बंधू, सहा वर्षांत तुम्हाला काय मिळाले असे विचारता, तर ही बाई मिळाली. तिला तुमच्या आकड्यांशी देणेघेणे नाही. येत्या रविवारी गीताची सगळी कडवी म्हणा, उपदेश पूर्ण करा, आणि उपासनेनंतर त्यांना विचारा की तुमच्यासाठी त्या रोज प्रार्थना करतील का. पाळकसाहेब गुरुवारी ज्यांना पाठवतील ते तुमचे दुसरे सोबती, पहिल्या सोबती या आजी.

खोलीचा करार मार्चपर्यंत आहे, तोवर मालकाला काही कळवू नका. मंडळीला पत्र, पत्नीशी बोलणे आणि पाळकसाहेबांची भेट ही तीन कामे या महिन्यात उरका. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघे, पाळकसाहेब आणि गुरुवारी येणारे गृहस्थ असे चौघे एकत्र बसा, हातात जमाखर्च घ्या आणि मग ठरवा. पगार सुरू झाला असेल तर भाडे कदाचित झेपेल. नाही झेपले, तर आजींच्या नाहीतर दुसऱ्या कोणाच्या तरी घरी तळमजल्यावर उपासना भरवता येते का ते पाहा, त्यांच्या गुडघ्यांनाही ते सोयीचे पडेल. अभ्यासाची मुले कुठे बसतील हे मात्र खोली सोडण्याआधी ठरले पाहिजे, कारण दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच असते.